दुनळीची पारख

जुनी बंदूक दाखवणारा माणूस सहसा बंदुकीविषयी बोलत नाही. तो तिच्या मालकाविषयी बोलतो. ही आमच्या आजोबांना कलेक्टरसाहेबाने बक्षीस दिली, हिने अमक्या संस्थानिकाने वाघ मारला, हिचा बार काढला की नदीपलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची! अशा हकीकती मी इतक्या ऐकल्या आहेत, की इंग्रजी अमदानीतल्या कलेक्टरांनी बंदुका वाटण्याखेरीज दुसरे काही काम केले की नाही, अशी मला शंका येऊ लागली आहे. हकीकत संपेपर्यंत मी मुकाट्याने मान हलवतो. मग बंदूक हातात घेतो, प्रथम ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करून घेतो (यात यजमानाने अपमान मानू नये) आणि खिडकीकडे तोंड करून बसतो.

मी शिकारी नव्हे. उभ्या आयुष्यात मी सशालाही दुखवलेले नाही. पण तारुण्यात पुण्याच्या लष्कर भागात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दुकानात मी तासन्‌तास बसत असे. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांना वाचता येत नसे. पण नळीवरचे नाव वाचता येत नसल्यामुळेच आपण फसत नाही, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. "नाम आखिर में देखो," हा त्यांचा दंडक. नाव सगळ्यांत शेवटी बघायचे. गिऱ्हाईक मात्र नेमके नावापासून सुरुवात करते.

मग आधी काय बघायचे? आधी ऐकायचे. नळ्यांची जोडी दस्त्यापासून सोडवून, खालच्या आकड्यात बोट घालून ती अधांतरी धरायची आणि लाकडाच्या लहान हातोडीने हलकेच टोला द्यायचा. दोन नळ्यांमधली पट्टी नीट डाखलेली असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांब, स्वच्छ नाद निघतो. डाख कुठे सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखा खरखरीत आवाज येतो, आणि त्या फटीतून कित्येक पावसाळ्यांचे पाणी आत मुरलेले असते. नंतर नळीतून आरपार बघायचे. खिडकीचा गज नळीच्या आतल्या आरशात दोन सरळ रेघांसारखा दिसतो. नळी हळूहळू फिरवत गेले आणि रेघ कुठे वाकली, की तिथे बाहेरून पोचा आला आहे असे समजावे. पूर्ण वर्तुळाकार काळी सावली दिसली तर मात्र बंदूक खाली ठेवावी. ती नळी एकदा आतून फुगलेली असते. कधी चिखलाने, कधी कुंभारमाशीने बांधलेल्या घरट्याने नळी बुजलेली असते आणि न बघताच कोणी बार काढलेला असतो. याहून वाईट प्रकार म्हणजे बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे काडतूस घालणे. ते थोडे पुढे सरकून अडकते, मागून बघणाऱ्याला नळी रिकामीच वाटते, आणि त्यामागे बाराचे काडतूस बसते. पुढे काय होते ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखे नाही. वीस बोअरची काडतुसे पिवळी करण्याचा रिवाज याच कारणाने पडला.

हे 'बोअर' प्रकरण पुष्कळांना उलटे वाटते, म्हणून सांगतो. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जितकी जाड होईल तितकी नळीची पोकळी, म्हणजे बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान. म्हणून वीसची नळी बाराहून अरुंद. बारा बोअरची पोकळी इंचाच्या 729 सहस्रांश भरते. जुन्या बंदुकीत हा आकडा फार बोलका असतो. कारण नळीला आतून गंज चढला, की तिला घासून गुळगुळीत करण्याचा मोह दुकानदाराला आवरत नाही. आतून आरशासारखी चकाकणारी जुनी नळी बघून नवखा माणूस हरखतो. चाचा लगेच माप लावत. पोकळी वाढली म्हणजे भिंत पातळ झाली. भिंत वीस सहस्रांश इंचाच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली तर जाणते लोक हात लावत नाहीत. थोडे खड्डे असलेली जाड नळी बरी, पण चकचकीत पातळ नळी नको. आमच्या चाचांनी हे मत माणसांच्या बाबतीतही लागू केले होते.

नंतर बघायचे बंद झालेल्या बंदुकीचे बूड. नळ्यांचे मागचे तोंड यंत्राच्या भिंतीला घट्ट टेकले पाहिजे. हजारो बार झाले की बिजागरी झिजते आणि मध्ये फट पडते. उजेडासमोर धरली तर केसाएवढी प्रकाशाची रेघ दिसते. विकणारेही हुशार असतात. फटीत जाडसर वंगण भरले की रेघ नाहीशी होते. म्हणून सगळे पुसून काढावे, नळीच्या बुडाला समईची काजळी धरावी, बंदूक मिटावी व पुन्हा उघडावी. भिंतीवर काजळीचे दोन गोल पुरते उमटले तर ठीक. अर्धचंद्र उमटला तर किंमत अर्धी.

इतके झाल्यावर अस्सलपणाचा प्रश्न येतो, आणि खरी गंमत इथेच आहे. चालणारी बंदूक निराळी आणि अस्सल बंदूक निराळी. कारखान्यातून जशी निघाली तशी राहिलेली ती अस्सल. क्रमांक नळ्यांवर, यंत्रावर आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावर असा तीन ठिकाणी सापडतो. तिन्ही जुळले तर एकाच आईची लेकरे. स्क्रूंच्या डोक्यांकडे भिंग लावून बघावे. चांगल्या इंग्रज कारागिराने सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका ओळीत आणून ठेवलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या आणि कुरतडलेल्या दिसल्या, की कुणाच्या तरी घरगुती पेचकसाने तिथे विद्या पाजळली आहे, हे कळते. नळ्यांची लांबी मोजावी. 26, 28 किंवा 30 इंच भरली तर बरे. साडेसत्तावीस भरली तर फुटलेले वा पोचलेले तोंड कुणी कापून टाकले असेल, असा संशय घ्यावा. कापल्यावर तोंडाजवळचा किंचित निमुळता भाग, ज्याला चोक म्हणतात, तोही गेलेला असतो आणि त्याबरोबर छर्रे एकत्र राखण्याचा गुण.

नव्याने केलेला काळा मुलामा हा तर सगळ्यांत मोठा लबाड. जुना माल विकण्याआधी घासूनपुसून 'नव्यासारखा' करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पितळेच्या समईला ती शोभते, बंदुकीला नाही. घासताना कोरीव नक्षीच्या कडा बोथट होतात, अक्षरांचे काने झिजतात, आणि यंत्रावर हाडांच्या कोळशात तापवून आणलेले ते निळे-तपकिरी ढग, जे मोराच्या पिसासारखे दिसतात, कायमचे पुसले जातात. काही हौशी मालकांनी सबंध यंत्रावर निकेल चढवून घेतलेले मी पाहिले आहे. बँडवाल्याच्या क्लॅरिनेटसारखी दिसते ती बंदूक. तेलपाण्याने काळवंडलेली, हाताच्या घामाने जागोजाग उजळलेली, पण कुणी न छेडलेली बंदूक तिच्यापेक्षा कितीतरी किमती असते. हे मालकाला पटवणे फार कठीण जाते.

आता नाव. नावाने फसण्याचे प्रकार तीन. पहिला प्रकार दुकानाच्या नावाचा. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचे नाव नळ्यांमधल्या पट्टीवर असते. ती दुकाने नामांकित खरी. रॉडाचे नाव वाचले की मला तर 26 ऑगस्ट 1914 चा दिवस आठवतो. त्या दिवशी बंगालच्या क्रांतिकारकांनी याच कंपनीकडे आलेली 50 माउझर पिस्तुले आणि सुमारे 46,000 काडतुसे भर कलकत्त्यात पळवली होती. पण अशा दुकानांतला पुष्कळसा माल बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत घडवलेला असे. पट्टीवर नाव मात्र विकणाऱ्याचे. यात लबाडी नाही. आपणही साडीवर पेठेतल्या दुकानाचे नाव बघतो, विणकराचे नाही. दुसरा प्रकार जोडीचा. श्रीमंत लोक दोन सारख्या बंदुका घेत, त्यांवर सोन्यात 1 आणि 2 असे आकडे घालत. वाटण्या झाल्या की एक थोरल्याकडे आणि एक धाकट्याकडे जाते, आणि एकट्या 'दोन' नंबरची किंमत जोडीच्या निम्म्याहूनही कमी होते. तिसरा प्रकार साध्या नकलेचा. याच प्रकाराने मला काही वर्षांपूर्वी एका घरात मोठे अवघड काम करायला लावले.

ते घर संगमेश्वराजवळच्या एका खेड्यातले. घरधनी माझा शाळासोबती. तो 2016 साली वारला. त्याच्या मागे शेती करणाऱ्या मुलाच्या परवान्यावर घरातल्या तिन्ही बंदुका चढल्या. एक पणजोबांच्या वेळची ठासणीची, एक सरकारी आयुध कारखान्यातली साधी बारा बोअरची एकनळी, आणि एक 'विलायती' दुनळी, घोड्यांची. या तिसरीचा घरात देव्हाऱ्याखालोखाल मान. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्रकायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, वारशाने आलेल्यांनाही हाच नियम, आणि जादा असेल ती वर्षभरात जमा करावी, असे ठरले. वर्ष संपत आले तरी त्या घरात निर्णय होईना. 2020 च्या दिवाळीनंतर वहिनींचा निरोप आला, "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघा. कुठली ठेवायची ते सांगा. आणि विलायती कितीला जाईल तेही सांगा, धाकटीची फी भरायची आहे."

म्हणजे एकाच वाक्यात ती ठेवायचीही होती आणि विकायचीही होती.

पडवीत पाट टाकून त्यावर तिन्ही बंदुका मांडल्या होत्या. मुलगा उभा, वहिनी उंबऱ्यात. हकीकत मला पाठ होती. मित्राने ती शाळेत असल्यापासून सांगितलेली. 1934 साली आजोबांनी एका गोऱ्या साहेबाला पुराच्या पाण्यातून काढले, आणि साहेबाने बदलीवर जाताना आपली 'वेस्टली रिचर्ड्स' त्यांच्या हाती ठेवली. वेस्टली रिचर्ड्स हे बर्मिंगहॅमचे 1812 पासूनचे घराणे. घोडे यंत्राच्या पोटात दडवणारी, आज जगभर चालणारी रचना 1875 साली त्यांच्याच अँसन आणि डीली या दोघांनी काढली. अस्सल निघाली असती तर फी सुटली असती, यात शंका नाही. परदेशी बंदुकांची आयात खासगी माणसाला बंद झाल्यापासून आपल्याकडे जुन्या इंग्रजी नावांना भाव आहे.

मी चाचांच्या क्रमाने गेलो. नाद बरा होता. बुडात काजळीची कोर उमटली, पूर्ण चंद्र नाही. नळ्या दमास्कसच्या होत्या, म्हणजे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून एकजीव केलेल्या; त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उठते. काही स्वस्त बंदुकांवर ही नक्षी नुसती वरून रंगवलेली असते, म्हणून मी पट्टीखालचा लपलेला भाग तपासला. नक्षी तिथेही होती. दमास्कस खरे होते. वहिनींना मी तेवढे सांगितलेही, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग मी नळ्या उलट्या केल्या.

इंग्लंडातल्या प्रत्येक नळीला परीक्षा द्यावी लागे. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार तिच्यातून काढत आणि ती टिकली तर ठसा मारत. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 पासूनचे. तिथला जुना ठसा म्हणजे मुकुटाखाली आडवे राजदंड. 1904 नंतर मुकुटाखाली दोन अक्षरे, आणि धूर न करणाऱ्या नव्या दारूची परीक्षा झाली असेल तर 'एन.पी.'. या बंदुकीवर त्यांतले काहीच नव्हते. एका लंबगोलात तीन अक्षरे होती. ई. एल. जी. हा बेल्जियममधल्या लिएज शहराचा ठसा. पट्टीवरचे नाव मग वाचले. 'डब्ल्यू. रिचर्ड्स'. 'वेस्टली' नव्हतेच कुठे. या नावाचा लिव्हरपूलला एक खरा बंदूकवालाही होऊन गेला. पण बेल्जियमहून अशा नावाच्या स्वस्त बंदुका जहाजे भरभरून जात, त्या त्याच्या नव्हेत. घाईत वाचणाऱ्याने पुढचे नाव मनात पुरे करावे, हाच त्या नावाचा हेतू. आमच्या मित्राच्या घरात ते तीन पिढ्या पुरे केले गेले.

मी ते सांगितले. लांबण न लावता सांगितले, कारण अशा वेळी शब्द वाढवले की माणूस आशा धरतो. नाव नकली, नळ्यांची परीक्षा फक्त जुन्या काळ्या दारूची, काडतुसाचे घर अडीच इंची. आज बाजारात मिळणारे पावणेतीन इंची काडतूस त्यात बसेल, आणि म्हणूनच ते धोक्याचे. उडताना त्याच्या तोंडाची घडी उलगडायला जागा नाही आणि दाब भलताच चढतो. या बंदुकीतून पुन्हा बार काढू नये. विकायला गेलात तर परवानेवाला गिऱ्हाईक शोधावा लागेल, आणि तो जे देईल त्यात फीचा एक हप्ताही निघणार नाही.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आयुष्यभर खोटं सांगत होते?"

"नाही वहिनी. साहेबाने दिली हे खोटं ठरत नाही. साहेबाने दिलीच असेल. फक्त साहेबही हिशेबी होता."

मुलगा हसला. त्यापाठोपाठ त्याही हसल्या, पण डोळे पुसत.

माझे मत मी दिले. एकनळी ठेवावी, ती उपयोगाची. डुकरे आणि वानरे तिच्या आवाजाने शेतातून पळतात, मुलाला दुसरे काही नको आहे. आणि दुसरी ठासणीची ठेवावी. तिच्यावर कुणाचेच नाव नव्हते. गावच्या लोहाराने नळी घडवलेली, सागाचा दस्ता, ठासायची सळई मूळची, चापाला एका पिढीच्या बोटाने पडलेली झीज. बाजारभाव शून्याच्या आसपास. पण तिच्यात कुणी एक स्क्रू बदललेला नव्हता, आणि तशी बंदूक मला चाळीस वर्षांत चारदाच बघायला मिळाली आहे. मी हे जरा जोरातच बोललो असेन.

वहिनींनी दुनळी मांडीवर घेतली. दस्त्याच्या मानेला भेग होती, तिच्यावर पितळी पत्रा ठोकून तांब्याची तार गुंडाळलेली. मी ती मघाशीच पाहिली होती आणि मनातल्या मनात किंमत आणखी कमी केली होती. त्या म्हणाल्या, "हा पत्रा ह्यांनी मारला. आमच्या लग्नाच्या वर्षी. अंगणात पडली माझ्या हातून. कुणाला सांगितलं नाही कधी, सासूबाईंनाही नाही."

नंतर चहा झाला. मुलाने माझ्याकडे पाहिले, मी पत्र्याकडे. पारखी म्हणून माझे मत तेच होते आणि आजही आहे, की त्या घरातली ठेवण्यासारखी चीज ठासणीचीच. पण कागदावर सही करणारा मुलगा होता आणि ठरवणारी त्याची आई.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे ठाण्यावर गेलो. हवालदाराने ठासणीची बंदूक इकडून तिकडून फिरवून बघितली, नळीवर नाव-नंबर शोधला, सापडला नाही. "हिच्यावर काहीच नाही की हो," तो म्हणाला. परवान्यावरचे वर्णन बघून त्याने पावती फाडली. 'बंदूक, ठासणीची, जुनी, नग एक.' फीचे पैसे पुढे काजूच्या हंगामात उभे राहिले.